ओझं कुठलं आणि श्रम कुठले

नागपूरच्या गांधीबागेतल्या कापड बाजारात दुकानांची शटरं वर गेली की गठाणी हलायला लागतात. मुरलेला हमाल गठाण सरळ उचलायला जात नाही. आधी ती एका कडेवर उभी करतो, कलती करतो आणि तिच्याच वजनाने हातठेल्यावर लोटतो. याला बाजारात कोणी आळस म्हणत नाही.

लाकूड कातणाऱ्या कारागिराने मात्र जड लेथचे भाग हलवायला ट्रॉली केली, बिजागरी बसवली, की कुणीतरी म्हणतंच, मग मेहनत ती काय राहिली? हा प्रश्न वरवरचा नाही. श्रमाला पुण्य मानणाऱ्या समाजात श्रम हलके करणं ही पळवाट आहे का, असं त्यात विचारलेलं असतं.

जुना कातारी जमिनीवर बसायचा, धनुकलीच्या दोरीने लाकूड फिरवायचा, हत्यार पायाने स्थिर धरायचा. हलवायला अवघड असं त्याच्यापाशी काही नव्हतं. ओझं आलं ते बिडाच्या लेथबरोबर, आणि तेही सकारण. वेडावाकडा ओंडका फिरताना जी थरथर सुटते, ती जड बीड पिऊन टाकतं. पण वाडगा आतून पोखरायची वेळ आली की टेलस्टॉक, म्हणजे लाकडाला दुसऱ्या टोकाने आधार देणारा ठोकळा, हत्याराच्या मुठीला आडवा येतो. मग तो लेथच्या बेडवरून, म्हणजे ज्या लांब पट्ट्यांवर तो सरकतो त्यांवरून, उतरवायचा. मोठ्या लेथवर हा ठोकळा वीस-तीस किलोंचा सहज असतो, पायाखाली भुसा असतो, आणि वाकावं लागतं कमरेतून. काम संपलं की पुन्हा वर चढवायचा.

चीनमधल्या च्वांगत्सूच्या ग्रंथात एक म्हातारा माळी भेटतो. तो विहिरीत उतरून घड्याने पाणी आणतो आणि बागेला घालतो. कन्फ्यूशियसचा एक शिष्य त्याला दांड्याला वजन बांधून पाणी उपसायची युक्ती सांगतो. म्हातारा ती नाकारतो. युक्ती त्याला ठाऊक असते; यंत्राबरोबर मनही यंत्रासारखं होईल, ही त्याची भीती असते. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. लाकडाच्या आवाजावरून धार बोथट झाल्याचं ओळखणारा कान एकदा गेला, तर तो कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

पण टेलस्टॉक उचलण्यात हा कान कुठे कामाला येतो?

गांधीबागेपासून सुमारे ७५ किलोमीटरवरच्या सेवाग्रामात शरीरश्रम हे एकादश व्रतांपैकी एक होतं. तरी यंत्रांविषयी प्रश्न आला तेव्हा, १९२४ सालीच, गांधीजींनी शिलाई यंत्राला सूट दिली होती. सिंगरने बायकोला तासन्‌तास टाके घालताना पाहिलं आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी यंत्राचा शोध लावला, असं ते सांगत. त्यांचा विरोध यंत्राच्या हव्यासाला होता. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्याच्या अटी इथे फार बोलक्या आहेत: चरखा वजनाला हलका असावा, सहज हलवता यावा, आणि एखाद्या बाईला फारसं न थकता आठ तास चालवता यावा. किर्लोस्करवाडीत तयार झालेला चरखा कसोटीला उतरला नाही, हा भाग वेगळा. सूत कातणं हा यज्ञ मानणाऱ्यांनाच चरख्याचं ओझं नको होतं. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी स्वतः खटपट करून जो पेटी-चरखा घडवला, तो मिटून हातात धरून नेता येतो.

याच नागपुरात १९५६ साली धम्मदीक्षा देणाऱ्या बाबासाहेबांनी त्याआधी अकरा वर्षं, १९४५ च्या ग्रंथात, या प्रश्नाची दुसरी बाजू फार कठोरपणे मांडली होती. माणसाला मनाची मशागत करायची तर उसंत हवी, आणि उसंत यंत्राशिवाय मिळत नाही, असा तो युक्तिवाद. ज्यांच्या पाठीवर पिढ्यान्‌पिढ्या ओझं लादलं गेलं, त्यांच्यासमोर कष्टांचं कौतुक करणाऱ्याला हे आधी ऐकावं लागेल.

गीतेतही हा काटा बारकाईने ठेवला आहे. देहाला त्रास होईल म्हणून कर्म टाकणं हा अठराव्या अध्यायात राजस त्याग ठरतो. त्याआधीच्या अध्यायात, हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेलं तप तामस ठरतं. पटाशीला धार लावायचा कंटाळा पहिल्या खात्यात जाईल, पाठ मोडून टेलस्टॉक उचलण्याचा अभिमान दुसऱ्या.

कारागिरांनी काढलेले उपाय साधेच आहेत. बेडवरचा गंज घासून काढायचा आणि मेणाचा पातळ हात फिरवायचा. तेलावर भुसा चिकटतो, म्हणून तेल नाही. हत्यार टेकवायच्या टूलरेस्टचा पाया सरकताना अडत असेल, तर खालच्या पकड-पट्टीच्या कडा कानशीने गोल करायच्या. बेडच्या टोकाला बिजागरीचा तुकडा जोडला की टेलस्टॉक दारासारखा बाजूला वळतो. तेही नको असेल तर बेडच्याच उंचीची ट्रॉली, वर तेवढ्याच अंतराचे दोन रूळ, आणि चाकांना ब्रेक. ठोकळा लोटायचा, उचलायचा नाही. साठी ओलांडलेल्या, कमरेने दगा दिलेल्या कातारीच्या हातात अजून चाळीस वर्षांची नजर असते. वाडगा पोखरायला तो लेथपाशी उभा राहतो की नाही, हे पुष्कळदा त्या दोन रुळांवर ठरतं.