पहिल्या तासाला काय सांगायचं?

"शेवटच्या ओळीपासून वाचते," मावशी म्हणाली. "सरकारी कागदात खरी गोष्ट खालीच असते."

आमच्या विभागाने पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी 'संस्कृती, लैंगिकता आणि जागतिक आरोग्य' असा दोन क्रेडिटचा विषय मांडला होता. तीस तास, 50 गुण. मावशी एएनएम म्हणून निवृत्त झालेली, धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीतच राहते. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं तिला अजून सिस्टर म्हणतात. विद्यार्थ्यांची क्षेत्रभेट येडशीला काढायचं माझ्या मनात होतं, म्हणून आराखडा तिच्याकडे घेऊन गेले. शेवटची ओळ अशी होती: अंतर्गत मूल्यमापन, 20 गुण, स्वानुभवाची टिपणवही.

"म्हणजे काय लिहायचं पोरांनी?"

"पाळी, वयात येणं, घरातले नियम, लग्न, आजार. स्वतःच्या आयुष्यात हा विषय कसा आला ते."

"वय काय त्यांचं?"

"सतरा-अठरा."

"सतरा म्हणजे कायद्याने अज्ञान. बरं, एखादीने लिहिलं की माझं लग्न दहावीच्या सुट्टीत झालं, नवरा ऊसतोडीला जातो, मी आईकडे राहून कॉलेज करते. तू वही तपासलीस. पुढं?"

पुढं काय ते मला पाठ होतं. पॉक्सो कायदा 2012 चा. कलम 19 प्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अपराध झाल्याचं ज्याला कळेल, त्याने ते पोलिसांना कळवलंच पाहिजे; नाही कळवलं तर कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पूर्वी 15 वर्षांवरच्या बायकोच्या बाबतीत नवऱ्याला फौजदारी कायद्यात सूट होती. ती सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये काढली. म्हणजे त्या मुलीचा नवरा आरोपी, आणि वही वाचणारी मी खबर द्यायला बांधलेली.

"आणि हे होणारच नाही असं म्हणू नकोस," मावशी म्हणाली. मी म्हणणारही नव्हते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विशी ओलांडलेल्या तरुण स्त्रियांपैकी जवळपास 22 टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली; शेजारच्या बीडमध्ये हेच प्रमाण 40 टक्क्यांच्या वर. आमच्या वर्गात मुली बीडच्याही असतात, कळंबच्याही, वाशीच्याही.

"तू तिला म्हणणार, मोकळेपणाने लिही, हे आपल्यातच राहील. तिनं लिहिलं की पोलिसात जाणार. नाही गेलीस तर तू गुन्हेगार. मग 'आपल्यातच राहील' हे कशाच्या जोरावर म्हणतेस?"

मी लगेच माघार घेणार नव्हते. वहीमागे विचार होता. हा विषय नेहमी दुसऱ्यांच्या शरीरावर शिकवला जातो: आफ्रिकेतल्या बायका, कामाठीपुऱ्यातल्या बायका, आदिवासी बायका. शिकणारा मात्र कपड्यांत सुरक्षित बसलेला. स्वतःपासून सुरुवात केली तर ही उतरंड मोडते, असं माझं म्हणणं. शिवाय बाया बोलल्या म्हणून तर कळलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली आणि 1989 साली 'द लॅन्सेट'मध्ये निबंध छापला: 92 टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार. तोवर आरोग्यखात्याला खेड्यातली बाई दिसायची ती बाळंतीण म्हणून, नाहीतर नसबंदीची केस म्हणून.

"केस," मावशी म्हणाली. "खरं आहे. आम्ही केसच म्हणायचो. मार्च आला की टार्गेटसाठी दारोदार."

"1994 ला कैरोत लोकसंख्येवर परिषद झाली, त्यानंतर 1996 च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे टार्गेट उठलं."

"कैरोत उठलं असेल. आम्हाला मीटिंगमध्ये सांगितलं, आता आकडा तुमचा तुम्ही ठरवा. आम्ही मागच्या सालचाच लिहिला." ती हसली नाही. "पण तुझ्या बंग डॉक्टरांचं मला सांग. त्या बायांचा आजार निघाला, मग औषधपाणी?"

"ते तिथेच राहिले. अजून दवाखाना आहे त्यांचा."

"बघ. ज्यानं विचारलं तो तिथं राहिला. तू विचारून काय देणार? वीसातले सतरा?"

या मुद्द्यावर मी बराच वेळ अडून राहिले. कारण तिचं म्हणणं पूर्ण मानलं, तर शिक्षकाने काहीच विचारायचं नाही, असा अर्थ निघतो; आणि न विचारण्याची किंमत आपण मोजलेली आहे. 2007 साली विधिमंडळात गदारोळ झाला आणि शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम राज्याने थांबवला. माझ्याकडे येणारी मुलं त्यानंतर जन्मलेली. त्यांचे गुरू म्हणजे मोबाइल आणि वर्गातला एखादा आगाऊ मित्र. पाळी म्हणजे कावळा शिवणं, एवढ्यावर काही घरांतलं ज्ञान अजून थांबतं. अशा मुलांपुढे मी नुसती व्याख्यानं देत बसले तर तो विषय भूगोलासारखा होईल.

मावशीने मधलं पान उलटलं. घटक दुसरा: पाळीसंबंधीच्या चालीरीती, विटाळ, गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया.

"हे इथं कुणी टाकलं? पिशवी काढणं चालीरीतीत?"

मी म्हटलं, संस्कृती हे शीर्षक आहे, त्याखाली.

"कशाची संस्कृती? ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस खाडा पडला की मजुरी गेली, वर दंड. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पालात झोपायचं. पांढरं जातंय, पोटात दुखतंय म्हणून बाई दवाखान्यात गेली की डॉक्टर म्हणतो, कॅन्सर होईल, काढून टाक. ती म्हणते, बरंच झालं, खाडे वाचतील. यात देवाधर्माचं काय आहे? हा हिशेब आहे, आणि तो तिच्या अंगावर मांडलाय."

बीडमधल्या या शस्त्रक्रियांचा गवगवा 2019 मध्ये झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आरोग्यखात्याच्या पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. शेकडा सतराच्या आसपास. देशातलं प्रमाण तीन टक्क्यांच्या घरात. बीजाशयंही काढली असतील तर तिशीतल्या बाईला म्हातारपणाची हाडं येतात. ऊसतोडीच्या टोळ्या धाराशिव जिल्ह्यातूनही जातात, हे मावशीला सांगावं लागत नाही. तिच्या नोंदवहीत त्या बायकांच्या लेकरांचे डोस अर्धवट राहिलेले असायचे, कारण दसऱ्यानंतर गावात लेकरूच नसायचं.

"आता त्यातल्याच एका बाईची पोरगी तुझ्या वर्गात बसणार," ती म्हणाली. "ती वहीत काय लिहिणार? आईचं लिहिणार. आईच्या पिशवीला वीसातले किती देशील? आणि जी लिहिणार नाही तिला किती?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं कुणाकडेच नसावं. ज्याला गुण आहेत तिथे 'वाटलं तर लिहा' या शब्दांना अर्थ राहत नाही. मुलं हुशार असतात. कोणत्या दुःखाला किती गुण पडतात हे त्यांना दोन चाचण्यांत कळतं. मग ज्यांच्याकडे दुःख नाही ती रचतील, आणि ज्यांच्याकडे आहे ती विकतील.

मावशीने हे तिच्या पद्धतीने सांगितलं. येडशीचं रामलिंग जटायूच्या कथेसाठी ओळखलं जातं. क्षेत्रभेटीत मी मुलांना तिथे नेणार हे आराखड्यात होतंच. "जटायू आडवा पडला तो सीतेनं हाक मारली म्हणून," ती म्हणाली. "तू उलटं करतेस. हाक मारायचे गुण देतेस, आणि धावून जायचं पोलिसांवर सोपवतेस."

मग मी रघुनाथ धोंडो कर्व्यांना मध्ये आणलं. गणिताचे प्राध्यापक. 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे त्यापायी नोकरी गेली, आणि जुलै 1927 पासून 1953 मध्ये मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. या मासिकात वाचक पत्रांतून प्रश्न विचारत आणि कर्वे उत्तरं देत. 1934 च्या अश्लीलतेच्या खटल्यात बोट ठेवलं गेलं ते याच उत्तरांवर. कर्व्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरले, दंड झाला, मासिक चालू राहिलं. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: कर्व्यांनी वाचकांकडे आत्मचरित्रं मागितली नाहीत. प्रश्न घेतले. प्रश्नाला नाव लागत नाही, गाव लागत नाही. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, याचं उत्तर विचारणारा कोण आहे हे कळल्याने बदलत नाही.

"म्हणजे वही काढायची आणि पेटी ठेवायची," मी म्हटलं. "चिठ्ठ्यांची. नाव नाही, गुण नाहीत."

"पेटी चांगली," मावशी म्हणाली. "पण साठ पोरांचा वर्ग. अक्षर ओळखशील की. आणि मला सांग, 'माझ्या जावेला विचारायचं होतं' म्हणणारी बाई कधी जावेसाठी आली होती का? निरोध मागायला आलेला गडीही मित्रासाठीच यायचा. प्रश्न म्हणजे तीच वही, घडी घातलेली."

हा तिचा सर्वांत कठीण आक्षेप होता. तरी मला तो पूर्ण पटलेला नाही. जावेचं नाव पुढे करून आलेल्या बाईला मावशीने कधी 'म्हणजे तूच ना' असं विचारलं नाही; औषध दिलं. तो आडपडदा दोघींना माहीत होता आणि दोघींनी तो जपला. किती सांगायचं हे त्या बाईच्या हातात राहिलं. वहीत ते माझ्या हातात येत होतं. चिठ्ठीत फरक पडतो तो एवढाच, पण एवढा पडतो. आणि चिठ्ठी दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घेतली तर अक्षराचाही प्रश्न मिटतो.

"आणि तासानंतर एकटी थांबली तर?" मावशीने विचारलं. "ती चिठ्ठीवाली नसते. ती थांबते, पिशवीच्या बंदाशी चाळा करते, बाकीच्या गेल्या की बोलते."

तिच्यासाठी पहिल्या तासाला कायदा सांगायचा, असं माझं मत झालं आहे. विषयाची व्याख्या नंतर, जागतिक आरोग्य नंतर. आधी साध्या मराठीत: तुमचं वय 18 च्या आत असेल आणि तुमच्याबाबत असं असं घडल्याचं तुम्ही मला सांगितलंत, तर मला ते कळवावं लागेल, कळवल्यावर काय होतं, 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन काय आहे, गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे आपला ग्रामसेवकच. हे ऐकल्यावर जिला बोलायचं ती जाणून बोलेल.

मावशीला हे मान्य नाही. "तसं सांगितलंस की ती थांबायचीच नाही. तिला एक माणूस होतं, तेही गेलं. खबर दिलीस तर नवरा आत, सासर दारात, पोरगी कॉलेजातून बाहेर, आणि येत्या हंगामात तीच फडात. मी अशा पोरींना पाळी, गोळ्या, दिवस, सगळं सांगायचे. कायदा नाही सांगितला कधी."

"तेव्हा हा कायदा नव्हता."

"असता तरी नसता सांगितला."

मी तिला सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर 2022 चा निकाल सांगितला: अल्पवयीन मुलगी संमतीच्या संबंधातून गर्भपातासाठी आली, तर तिच्या आणि पालकांच्या विनंतीवरून डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. कायद्यालाही दिसलं आहे की खबरेच्या धाकाने मुली दवाखान्याऐवजी भोंदूकडे जातात.

"मग डॉक्टरला सूट आणि मास्तरणीला नाही?"

"नाही."

"हे शिकव की मग. विषयच आहे हा."

ते शिकवायचं ठरवलं आहे. आपलं मौन मुलींना सांभाळतं की मारतं, या प्रश्नावर आम्हा दोघींचं एकमत झालं नाही, आणि माझ्या मते ते होणारही नाही. तिने ज्या मुलींना सांभाळलं त्या तिच्या विश्वासावर जगल्या. पण तशाच गप्प राहणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या हाताखाली किती मेल्या, याची नोंद कोणत्याच रजिस्टरला नाही. सज्जन माणसाच्या मौनावर अभ्यासक्रम उभा करता येत नाही. पुढच्या वर्षी तो वर्ग कुणाच्या हातात जाईल हे मला माहीत नसतं. लग्न झालेल्या सतरा वर्षांच्या मुलीपुढे मात्र हा युक्तिवाद मला नीट मांडता येईल, असं मी म्हणणार नाही.

आराखडा असा बदलला. टिपणवही गेली. 20 गुण आता पेटीतल्या एका प्रश्नाचं उत्तर शोधून, तपासून, आजीला वाचून दाखवता येईल अशा मराठीत लिहिण्याला. गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया 'संस्कृती'तून काढून 'श्रम आणि आरोग्य' या घटकात टाकल्या. क्षेत्रभेट विद्यार्थ्याच्या स्वतःच्या गावात होणार नाही. येडशीत मावशी एक तास घेईल, तिच्या अटीवर: कुणी मोबाइल काढायचा नाही. आणि टोळ्या दसऱ्यानंतर निघतात, काही मुलीही त्यांच्याबरोबर जातात, म्हणून तो घटक सप्टेंबर संपायच्या आत शिकवून पुरा करायचा, असं वेळापत्रकावर लिहिलं आहे.