राहण्याचा हक्क आणि राहण्याची गरज

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वतरांगेत, बॅन्फ राष्ट्रीय उद्यानाच्या आत बॅन्फ हेच नाव असलेले एक गाव आहे. उंची 1,383 मीटर, 2021 च्या जनगणनेनुसार लोकवस्ती 8,305. उद्यान 6,641 चौरस किलोमीटरचे, त्यातले जेमतेम 4 चौरस किलोमीटर गावाच्या वाट्याला आले आहेत. वर्षाला सुमारे 40 लाख लोक या उद्यानात येतात. अशा ठिकाणी जमिनीला सोन्याचा भाव येतो, धनिकांचे बंगले डोंगर चढत जातात आणि वर्षातले बहुतेक महिने त्यांना कुलूप असते. बॅन्फमध्ये तसे होऊ शकत नाही, कारण तिथे राहण्याचा हक्क पैशाने मिळत नाही.

गावातली जमीन देशाची आहे. ती विकली जात नाही, भाडेपट्ट्याने दिली जाते; आणि त्या पट्ट्यातच अट असते की घरात राहणाऱ्याला तिथे राहण्याची गरज असली पाहिजे. उद्यानात नोकरी करणारा, जिथे रोज स्वतः हजर राहावे लागते असा धंदा चालवणारा, सलग पाच वर्षे तिथे काम करून निवृत्त झालेला, आणि अशांचे जोडीदार व त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसे प्रामुख्याने पात्र ठरतात. सुट्टीपुरते घर हवे म्हणणारा, कितीही श्रीमंत असला तरी, पाहुणाच राहतो. हॉटेलातला भांडी घासणारा मात्र रहिवासी होऊ शकतो. मालकीपेक्षा श्रमाला अधिक मान देणारा असा कायदा पर्यटनाच्या गावांत विरळाच.

या उद्यानाचा जन्म मात्र संयमातून झालेला नाही. 1883 मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या कामगारांना इथल्या गुहेत गरम पाण्याचे झरे दिसले. त्यांवरच्या हक्काचे भांडण पेटले, तेव्हा सरकारने 1885 मध्ये झऱ्यांभोवतीची 26 चौरस किलोमीटर जमीन राखून ठेवली. 1887 मध्ये तिचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि पुढच्याच वर्षी रेल्वेचे आलिशान बॅन्फ स्प्रिंग्ज हॉटेल उघडले. रेल्वेला प्रवासी हवे होते आणि प्रवाशांना डोंगर. वन्यजीवांचा विचार बराच पुढे आला.

माणसांचा तर त्याहून उशिरा. या दरीत पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणाऱ्या, इथल्या झऱ्यांना पवित्र मानणाऱ्या स्टोनी नाकोडा लोकांशी 1877 मध्ये सरकारने करार केला होता. सोडून दिलेल्या प्रदेशात शिकारीचा हक्क राहील, असे त्यात म्हटले होते. उद्यान झाल्यावर शिकारीला बंदी आली आणि त्यांना बाहेर ठेवले गेले. त्याच लोकांना पुढे अनेक दशके दर उन्हाळ्यात पारंपरिक पोशाखात, तंबूंसह बोलावले जाई, पर्यटकांनी पाहावे म्हणून. ज्यांची इथे राहण्याची गरज सर्वांत जुनी, त्यांची गरज कुठल्या यादीत आलीच नाही. बॅन्फच्या नियमाचे कौतुक करताना हा अन्याय बाजूला ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

1990 मध्ये गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानातली ही पहिलीच. पण ती इतर नगरपालिकांसारखी मोकळी नाही. गावाची हद्द राष्ट्रीय उद्यानांच्या कायद्यातच लिहिलेली आहे आणि व्यापारी बांधकाम किती असावे यालाही मर्यादा आहे. 1996 च्या एका मोठ्या अभ्यासाने बो नदीच्या खोऱ्यावर माणसांचा भार फार वाढल्याचे दाखवले होते. त्यानंतर गाव आणि कॅस्केड पर्वत यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून बायसनांचे कुंपण आणि छात्रसैनिकांची छावणी हलवण्यात आली आणि लांडग्यांचा येण्याजाण्याचा मार्ग मोकळा झाला. उद्यानातून जाणाऱ्या महामार्गाला कुंपण घालून वरून झाडीचे पूल आणि खालून बोगदे केले आहेत. वन्यप्राण्यांच्या धडका त्यामुळे 80 टक्क्यांहून अधिक घटल्या. इथे गैरसोय माणसाने सोसली, खर्चही त्यानेच केला आणि वाट जनावराला दिली.

मर्यादेची किंमत सर्वांवर सारखी पडत नाही. हद्द वाढत नाही, पाहुणे वाढतात, त्यांच्या सेवेला माणसे अधिक लागतात, आणि घरांची टंचाई त्या माणसांच्याच वाट्याला येते. हंगामी कामगार एकेका खोलीत दाटीने राहतात. नियम सैल केला तर त्यांना घर मिळेल हा भ्रम आहे. ते घर अधिक पैसे मोजणाऱ्या बाहेरच्या ग्राहकाकडे जाईल. नियमाची जोड म्हणून कामगारांसाठी परवडणारी भाड्याची घरे बांधावी लागतात, आणि नगरपालिका व काही मालक ती बांधतही आहेत. पण घरांची संख्या वाढवण्याला जशी सीमा आहे, तशी हॉटेलांच्या खोल्यांना आणि रोज आत येणाऱ्या मोटारींना किती असावी, हा प्रश्न त्या गावात आता टाळता येत नाही.