दहावा माणूस

मशीद बंदर स्थानकातून बाहेर पडून हातगाड्या, हमाल आणि सुक्या मेव्याच्या पोत्यांच्या दाटीतून वाट काढीत सॅम्युएल स्ट्रीटवर येणाऱ्याला, या मांडवी विभागात एके काळी मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची भरगच्च वस्ती होती, हे कोणी सांगितल्याखेरीज सहसा उमगणार नाही. जुने लोक ज्याला इस्रायल मोहल्ला म्हणत, तेथे आता मुसलमान कुटुंबे आणि गुजराती-कच्छी व्यापाऱ्यांच्या पेढ्या नांदत आहेत. परंतु कंपनी सरकारच्या फौजेतील अंमलदार सामाजी हसाजी दिवेकर यांनी, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्याच्या कृतज्ञतेने, १७९६ साली स्थापन केलेले आणि १८६० मध्ये नव्याने बांधलेले ‘शआर हारहमीम’ हे बेने इस्रायलांचे, म्हणजे या मराठी यहुद्यांचे, प्रार्थनामंदिर या गजबजाटात अद्याप उभे आहे. दिवेकरांचे देहावसान मंदिराच्या स्थापनेनंतर वर्षभरातच कोचीनला झाले. तेथे ते तोऱ्याच्या, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाच्या, पोथ्या आणावयास गेले होते, असे सांगतात.

यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे दहा प्रौढ पुरुष एकत्र आल्याखेरीज हेखालातून, म्हणजे मंदिरातील पवित्र कपाटातून, तोऱ्याची पोथी काढून तिचे सामुदायिक वाचन होत नाही, आणि आईबापांच्या पश्चात पुत्राने म्हणावयाची ‘कद्दीश’ ही प्रार्थनाही म्हणता येत नाही. नऊ विद्वान असले तरी ते अपुरेच, आणि दहावा कितीही सामान्य असला तरी तो पुरेसा. मग ज्या मोहल्ल्यातून ही माणसेच निघून गेली, तेथील मंदिराचे पावित्र्य कोठे राहते? भिंतींत, की गेलेल्या माणसांबरोबर?

या समाजाचा स्वतःचा इतिहासच या प्रश्नाला विलक्षण वळण देतो. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा आहे. पुढे कित्येक शतके कोकणच्या खेड्यापाड्यांतून तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ हे नाव मिरवीत, पेण, रोहे, दिवे अशा गावांवरून पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावे लावीत ते राहिले. आणि या प्रदीर्घ काळात त्यांच्यापाशी ना मंदिर होते, ना पोथी, ना धर्मगुरू. शनिवारची विश्रांती, मुलांची सुंता, खवले आणि पर असलेलाच मासा खाण्याचा नेम आणि ईश्वर एकच असल्याचा ‘शेमा’चा उच्चार, एवढ्या पुंजीवर त्यांचा धर्म तगला. धर्म होता, मंदिर नव्हते. मांडवीत आज नेमके उलट दिसते: मंदिर आहे, मोहल्ला नाही. १९४८ नंतर या समाजातील बहुतेकांनी इस्रायलची वाट धरली, आणि तेथेही त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका काढल्या गेल्या तेव्हा सत्याग्रह करून १९६४ साली त्यांनी बरोबरीची मान्यता मिळविली. उरलेले ठाण्यासारख्या ठिकाणी पांगले. एलियाहू हन्नबी या प्रेषिताचे स्मरण करून पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा ताटात रचण्याची कोकणी रीत मात्र इस्रायलला गेलेल्यांबरोबर समुद्रापार गेली. जी माणसे मंदिरावाचून शतकानुशतके यहुदी राहिली, त्यांनी मंदिर मागे ठेवले म्हणून धर्म मागे टाकला, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

येथवर विचार केला म्हणजे पावित्र्य माणसांतच असते असा निवाडा देऊन मोकळे व्हावेसे वाटते. परंतु यहुद्यांचे शास्त्र त्या निवाड्यावर थांबू देत नाही. आपल्याकडे आवाहनाने देवतेला बोलावता येते आणि विसर्जनाने तिला निरोप देता येतो; येथे मूर्तीच नाही, तर विसर्जन कशाचे करणार? ‘मिश्ना’ या त्यांच्या प्राचीन धर्मनियमसंग्रहात रब्बी यहूदा यांचा असा दंडक आहे की, प्रार्थनामंदिर उद्ध्वस्त झाले तरी तेथे दोर वळू नयेत, छपरावर फळे वाळत घालू नयेत आणि जवळची वाट म्हणून त्यातून जाऊ नये. मांडवीच्या बाजारपेठेशेजारी हा दंडक आठवला की अंगावर काटा उभा राहतो, कारण दोर, फळे आणि जवळच्या वाटा यांच्यावरच या पेठेचा सारा संसार चाललेला आहे.

मला या दोन बाजूंत विरोध दिसत नाही. पावित्र्याचा उगम माणसांच्या एकत्र येण्यात असतो, हे मला मान्य आहे. परंतु एकदा ते एखाद्या जागेच्या हवाली केले म्हणजे ते तिच्याकडून परत मागून घेण्याचा अधिकार त्या माणसांनाही उरत नाही. मांडवीचे मंदिर उद्ध्वस्त झालेले नाही, तरीही त्या दंडकातील संयमाचा मोठा भाग आता ज्यांना शेमा ठाऊक नाही अशा शेजाऱ्यांच्या हाती आहे. पहाटे मशिदीत जाणारा मुसलमान, पेढी उघडणारा कच्छी वाणी, पाठीवर पोते घेतलेला हमाल यांपैकी कोणीही त्या दहांत मोजला जाणार नाही; परंतु दार बंद असलेल्या दिवशीही तेथे माल उतरवून न ठेवणे, हे त्यांच्याच हातून घडावयाचे आहे.