एकतृतीयांश येतो कुठून?

शंकूचे घनफळ शिकवताना शाळेत एक प्रयोग करून दाखवतात. सारख्याच पायाचे आणि उंचीचे शंकू व वृत्तचिती घ्यायचे आणि शंकू वाळूने भरून वृत्तचितीत ओतायचा. तीनदा ओतला की वृत्तचिती काठोकाठ भरते. सूचीचे, म्हणजे पिरॅमिडचेही तसेच: पायाचे क्षेत्रफळ आणि उंची यांच्या गुणाकाराचा तिसरा हिस्सा. मुलांना सूत्र पटते आणि धडा पुढे सरकतो. पण वाळू ‘किती’ एवढेच सांगते. ‘का’ ते सांगत नाही. हा ‘का’ गाळला, तर भूमितीतील एक अतिशय खोल विचार मुलांपर्यंत पोहोचतच नाही.

त्रिकोणाची गोष्ट सोपी आहे. कागदी त्रिकोण कात्रीने कापून तुकडे जुळवले की निम्म्या उंचीचा आयत तयार होतो, म्हणून क्षेत्रफळात ‘निम्मे’ येते. मग सूचीतही निम्मेच का नको? ही शंका बाळबोध नाही. आर्यभटाने 499 साली रचलेल्या ‘आर्यभटीया’त त्रिकोणाचे क्षेत्रफळ आणि त्रिकोणी सूचीचे घनफळ एकाच श्लोकात येतात, आणि परंपरेने लावलेल्या अर्थानुसार दोन्हीकडे ‘निम्मे’ आहे. 629 मध्ये त्यावर भाष्य लिहिणाऱ्या पहिल्या भास्कराने हाच अर्थ मानला. त्याच्या वर्षभर आधी ब्रह्मगुप्ताने मात्र ‘तिसरा हिस्सा’ हा अचूक नियम दिला होता. पुढे 1150 च्या ‘लीलावती’त तोच नियम आहे, आणि त्याहून व्यापक असा एक नियमही. वर 12 हात लांब व 10 हात रुंद, तळाशी दोन्ही मापे निम्मी आणि खोली 7 हात अशा विहिरीचे घनफळ भास्कराचार्य विचारतात. तोंडाचे क्षेत्रफळ 120, तळाचे 30, आणि दोन्हीकडच्या लांबी-रुंदीच्या बेरजांपासून होणारे 18 गुणिले 15, म्हणजे 270. यांची बेरीज 420. तिला सहाने भागून खोलीने गुणले की उत्तर 490 घनहात. याच नियमात तळ शून्य धरला की उरतो तो नेमका एकतृतीयांश.

नियम बरोबर असणे वेगळे आणि तो का बरोबर आहे हे दाखवणे वेगळे. घनाच्या बाबतीत हे दाखवणे सोपे जाते. घनाचा एक कोपरा निवडायचा आणि त्याला न लागणाऱ्या तीन पृष्ठांवर त्या कोपऱ्यातून सूची उभारायच्या. तीन एकरूप सूचींत घन पुरता वाटला जातो. इष्टिकाचितीत मात्र, लांबी, रुंदी आणि उंची वेगवेगळी असली की, या तीन सूचींचे आकार जुळत नाहीत. त्या एकमेकींवर बसत नाहीत, तरी घनफळ समान असते. हे सिद्ध करताना इसवी सन 263 मध्ये चीनच्या ल्यू ह्वेईने त्यांचे पुन्हा पुन्हा तुकडे केले. प्रत्येक फेरीत हिशेबाबाहेर राहिलेला भाग आधीच्या चतुर्थांशाइतका होतो आणि अखेर कोणत्याही मापाहून लहान होतो. त्याच्या कितीतरी आधी ग्रीसमध्ये युडॉक्ससनेही न संपणाऱ्या विभागणीचीच वाट धरली होती. डेमोक्रिटसने हा नियम आधी सांगितला होता, पण सिद्धता युडॉक्ससची, असे आर्किमिडीजने नोंदवून ठेवले आहे.

कात्रीने भागणारे काम करायला अनंताला का बोलवावे, ही खंत गाउसने 1844 मध्ये पत्रातून व्यक्त केली होती. 1900 मध्ये हिल्बर्टने तो प्रश्न आपल्या प्रसिद्ध यादीत तिसरा म्हणून मांडला, आणि त्याच वर्षी त्याचा विद्यार्थी माक्स डेन याने उत्तर दिले. समान पाया व उंचीच्या दोन सूची नेहमीच तुकडे करून एकमेकींत बदलता येतील असे नाही. सुसम चतुष्फलकाचे कितीही सपाट तुकडे केले तरी त्यांतून घन जुळवता येत नाही. आड येतो तो दोन पृष्ठांमधला कोन. घनात तो 90 अंश, चतुष्फलकात सुमारे 70.53 अंश, आणि हा दुसरा कोन पूर्ण वर्तुळाच्या कोणत्याही परिमेय हिश्शात बसत नाही. कडांची लांबी व कोन यांची डेनने जी सांगड घातली, ती कापण्या-जोडण्याने बदलत नाही.

म्हणजे सूचीच्या एकतृतीयांशात अनंत शिरतो तो गणितज्ञांच्या हौसेखातर नव्हे. त्याच्यावाचून सर्वसाधारण सिद्धता होतच नाही. सपाटीवर कात्री पुरते, अवकाशात पुरत नाही. मापनाच्या इतिहासात इतकी स्वच्छ सीमारेषा क्वचितच सापडते.

त्यामुळे वाळूचा प्रयोग जरूर करावा, पण तिथे थांबू नये. पुठ्ठ्याच्या तीन सूची जोडून घन करून दाखवावा, मग इष्टिकाचितीत त्या का जुळत नाहीत ते मुलांनाच शोधू द्यावे. आर्यभटाचा ‘निम्मे’ही संकोच न करता सांगावा, कारण एवढ्या मोठ्या बुद्धीलाही साधर्म्य चकवू शकते हे कळले तरच सिद्धतेची गरज खरी वाटते. सूत्र पाठ असलेले मूल गणित सोडवील. ते का खरे आहे हे विचारणारे मूल गणित पुढे नेईल.