हंड्यातील अनोळखी फळे
(शास्त्रपाठ : २ राजे ४:३८-४१)



गिलगाल येथे दुष्काळ पडला असता अलीशाच्या मंडळीतील एकजण भाजी वेचण्यास रानात गेला. तेथे त्यास एक रानवेल आढळली. तिची फळे ओटीभर आणून त्याने हंड्यात चिरून टाकली. तो दुष्ट नव्हता. भुकेल्यांस अन्न मिळावे हीच त्याची इच्छा. परंतु ती फळे कसली हे कोणासच ठाऊक नव्हते, आणि त्या अज्ञानाच्या वाटेने हंड्यात मरण शिरले.

असा हंडा आजही आपल्या घरोघरी शिजत आहे. पावसाळ्यात ताप आला म्हणजे पनवेलच्या बाजारास जाणाऱ्याबरोबर गोळी मागविली जाते. शेजारीण आपली उरलेली गोळी ममतेने देते. प्रार्थनेस आलेले उपदेशकबंधूही पिशवीतून एखादी काढून देतात. प्रीती खरी, पण ताप कसला, हे पाहिले कोणी? हिवतापास औषध निराळे. आणि डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन घेतल्यास रक्तस्रावाचे भय असते. पॅरासिटॅमॉल अनेक नावांनी विकले जाते. दोन नावांच्या गोळ्या एकदम घेणारा नकळत दुप्पट मात्रा घेतो, आणि अतिमात्रेने यकृत बिघडते. प्रतिजैविके साध्या पडशावर चालत नाहीत; ती वाटेल तेव्हा घेतली तर जंतूच निर्ढावतात व खऱ्या दुखण्यात औषध लागू पडत नाही. म्हणूनच अशा औषधांच्या पाकिटावर तांबडी रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे घेऊ नये, असे ती सांगते.

कोणी म्हणेल, दवाखाना दूर आहे, मजुरी बुडते. ही अडचण आम्ही हलकी लेखीत नाही. पनवेलास सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे, नेरे येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. परंतु गाडीभाडे नसेल तर गरिबाने जावे कसे? तेव्हा मंडळीने दानातून थोडे बाजूस ठेवावे, आणि उपदेशकाने गोळी देण्याऐवजी आजाऱ्यास सोबत न्यावे. हीच खरी सेवा होय.

आणखी एक गोष्ट. चव कळताच त्या लोकांनी संदेष्ट्यास हाक मारिली. लाजेने कोणी गप्प राहिले नाही. संदेष्ट्यानेही कोणास दोष दिला नाही, तर पीठ मागवून हंडा निर्दोष केला. आपणही घेतलेली गोळी डॉक्टरांपासून लपवू नये. पाकीट बरोबर न्यावे. पौलाचा प्रिय सोबती लूक हा वैद्यच होता. प्रार्थना करणाऱ्याने वैद्याकडे जाणे हा अविश्वास नव्हे. देहही प्रभूचेच मंदिर आहे. त्यात अनोळखी फळ कोणीही टाकू नये.