दिवा होता, घरात कोणी नव्हतं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


या गुरुवारी नामाविषयी लिहायचं होतं, पण आधी आमच्या तेरेखोलच्या घरातल्या बल्बांची गोष्ट सांगते.

मुलाने गेल्या वर्षी मोबाईलवरून चालणारे दिवे बसवले. त्यात दोन मोड. रोजच्या मोडमध्ये तिन्हीसांजेला ओसरीचा दिवा लागतो, रात्री दहाला विझतो. दुसरा 'अवे' मोड, आपण परगावी असतानाचा. कधी स्वयंपाकघरात, कधी माडीवर दिवा आपोआप लागतो-विझतो, म्हणजे चोराला वाटावं घरात वावर आहे. मला केवढं कौतुक! दोन घरी शिफारससुद्धा केली.

पावसाच्या सुरुवातीला आम्ही लेकीकडे पुण्याला गेलो. एका रात्री गावातली वीज गेली, ती दीडच्या सुमारास आली. असे बल्ब वीज परत आली की पुष्कळदा आपोआप पूर्ण पेटतात. ते सेटिंगमध्ये बदलता येतं, आम्हाला ठाऊकच नव्हतं. सगळं घर लखलखलं. शेजारच्या काकी एकट्या, ऐंशीच्या घरातल्या. त्यांना घेरी येत होती. आमचा उजेड पाहून काठी टेकत आल्या, दार वाजवलं, हाका मारल्या. पहाटेपर्यंत पायरीवर बसून राहिल्या. तेरेखोल कसं आहे ते तुम्ही जाणताच. केरीला जायचं तर नदी ओलांडायची, नाहीतर महाराष्ट्रातून वळसा. अपरात्री शेजारी हाच आधार. सकाळी पाव घेऊन आलेल्या पोदेराने त्यांना पाहिलं, मग गाडी करून शिरोड्याला दवाखान्यात नेलं. आता बऱ्या आहेत.

आल्यावर मी त्यांचे पाय धरले. त्या एवढंच म्हणाल्या, "दिवो पेटतालो, म्हूण आयलें." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याच संध्याकाळी जपाला बसले. माळ फिरत होती, ओठ हलत होते, मन पुण्याला. सुनेने दोनदा "आई" म्हणून हाक मारली. मी बोट वर करून खूण केली, जप चालू आहे! नंतर विचारलं तर म्हणाली, "काही नाही." आणि मला काकींची पायरी आठवली. नाम घेताना घरी असा, असं गुरुमाउली सांगतात तेव्हा मी किती वेळा मान डोलावली असेल! चोरासाठी असलेला मोड मी घरच्या माणसांवर लावून बसले होते. समईला हे जमत नाही बघा. कोणी तेल घातलं, वात सारली, तरच ती जळते.

मोड आम्ही काढलेला नाही. चवथीला मूळ घरी जाणाऱ्यांनी जरूर लावावा, पण वीज आल्यावर बल्ब बंदच राहील असं सेटिंग आधी करून घ्या आणि शेजाऱ्यांना सांगून जा. परतल्यावर रोजचा मोड लावायला विसरू नका. आम्ही विसरलो, तर आरतीच्या मध्येच देवघरात अंधार!

काकींकडे आता आमची किल्ली आणि मुलाचा नंबर आहे. सुनेला मी उद्या पुन्हा विचारणार आहे, माळ खाली ठेवून.

🙏 जय गुरुदेव