एसावाचे वरण

एसाव रानातून थकून आला आणि मसुरीच्या वरणासाठी त्याने ज्येष्ठत्वाचा हक्क विकला (उत्पत्ति 25). त्याला मूर्ख म्हणणे सोपे आहे. पण सौदा करणारा त्याचा सख्खा भाऊच होता, हेही विसरू नये. 2004 साली अमेरिकेतील विद्वानांनी निवड करणाऱ्या माणसांचे मेंदू यंत्राने पाहिले. लाभ तत्काळ मिळणारा असला म्हणजे मेंदूतील वासनेचे भाग अधिक चेततात, आणि जो थांबतो त्याच्या कपाळामागील भागाचे काम वरचढ ठरते, असे त्यांस आढळले. हा झगडा आपणां सर्वांच्याच डोक्यात आहे.

तथापि धीर हा एकट्या मेंदूचा गुण नव्हे. अमेरिकेतच, रॉचेस्टर येथे, 28 मुलांपुढे मिठाई ठेवून, थांबाल तर आणखी मिळेल, असे सांगण्यात आले. तो वृत्तान्त 2013 साली छापला गेला. ज्यांस आधी दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी 12 मिनिटे थांबली. ज्यांस तो मोडलेला दिसला ती अवघी 3. यांस अधाशी कोण म्हणेल?

म्हणून जो बियाण्याची ज्वारी दळून खातो त्यास संयम शिकविण्यापूर्वी, उपदेशक बंधूंनो, मंडळीने त्यास दिलेली वचने किती पाळली, हे आधी वहीत पाहा.